दाढ, इंजेक्शन आणि 24 ऑक्टोबर

पत्र : "डॉक्टर, मी 67 वर्षांची, मिरजेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी मोरीतून बाहेर येताना पायपुसणं सरकलं आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, मणक्याचा आकडा उणे 3.2 आला. आधी आठवड्याची गोळी दिली होती. सकाळी चहाबरोबर ती घेऊन मी परत जरा आडवी व्हायचे. छातीत इतकं जळायचं की चार महिन्यांत सोडली. मग दर सहा महिन्यांनी पोटावर घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं. तीन झाली, शेवटचं 24 एप्रिलला. आता आकडा उणे 2.7 आहे. मधेच खालची दाढ किडली, काढावी लागेल म्हणतात. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शनचं ऐकलं आणि 'आधी हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा' म्हणाले. शेजारच्या वहिनी म्हणतात, या इंजेक्शनाने जबडा सडतो. मुलानेही तसाच व्हिडिओ पाठवला. तो म्हणतो, 'आई, आकडा सुधारलाय, आता बंद कर.' मलाही तेच वाटू लागलंय. दहा वर्षं कॅल्शियम खाऊन हाडांची अशी झीज कशी झाली? आणि गुडघे तर अजून दुखतातच, मग एवढ्या इंजेक्शनांचा उपयोग काय?"

नमस्कार बाई,

(शाळेतल्या बाईंना दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी 24 एप्रिलपासून बोटांवर सहा महिने मोजले. 24 ऑक्टोबर. म्हणजे तुमच्या हातात अजून तीन आठवडे आहेत, आणि ते अगदी मोक्याचे आहेत. म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागाहून.

दाढ आत्ता, याच आठवड्यात मार्गी लावा. जखम मिटली की इंजेक्शन घ्या, 24 ला किंवा त्यानंतर थोड्या दिवसांत. 24 नोव्हेंबरच्या पुढे मात्र ते जाऊ देऊ नका. इंजेक्शन थांबवायचंच ठरलं तर तेही करता येतं, पण मुलगा म्हणतो तसं, नुसतं 'बंद' करून नाही. हे सगळं तुमच्या दोन्ही डॉक्टरांशी बोलून करायचं. मी तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत आणि दाढही पाहिलेली नाही. औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली देतात ते डेनोसुमॅब. तरी फाईलमधलं नाव एकदा वाचून खात्री करून घ्या. पुढचं सगळं ते डेनोसुमॅब आहे असं धरून लिहिते आहे.

आता तारखेला मी एवढी का चिकटले आहे ते सांगते. आपलं हाड जन्मभर थोडं थोडं पाडलं जातं आणि पुन्हा बांधलं जातं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. पाळी चालू असेपर्यंत दोघींचा हिशोब साधारण जुळतो. पाळी गेली, इस्ट्रोजेन आटलं की पाडणाऱ्यांना मोकळं रान मिळतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाड भराभर विरळ होतं. डेनोसुमॅब काय करतं, तर पाडणाऱ्या पेशींना कामावर बोलावणारा निरोपच मधे अडवतं. तुम्ही जंक्शनच्या गावच्या, तेव्हा रेल्वेचं फाटक डोळ्यांसमोर आणा. फाटक पडलं की पलीकडचा रस्ता शांत. पण अलीकडे रिक्षा, ट्रॅक्टर, स्कूटर साचतच असतात, आणि फाटक उघडलं की सगळे एकदम घुसतात. सहा महिन्यांनी या इंजेक्शनाचा असर उतरतो तेव्हा हाडात तसंच होतं. थांबून राहिलेली पाडापाडी पूर्वीपेक्षाही जोरात सुरू होते. कमावलेली भर वर्ष-दोन वर्षांत निघून जाते, आणि काही जणींचे तर एकापाठोपाठ एक मणके दबतात.

अशी एक बाई माझ्याकडे आली होती. मुलाची बदली झाली, गाव बदललं, त्या गडबडीत इंजेक्शन राहिलं ते राहिलंच. शेवटच्या डोसानंतर दहाव्या महिन्यात आली. तक्रार काय, तर परकर जमिनीला लागायला लागलाय. आधी तिला वाटलं नाडी सैल होतेय. मग वाटलं, कापड ताणलं असेल. पाठीत मधूनमधून चमक यायची, ती धुण्याच्या बादलीमुळे असेल म्हणून बाम चोळत होती. एक्स-रेत तीन मणके दबलेले निघाले. ती पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती. उंचीच कमी झाली होती, परकर होता तेवढाच होता.

तुमचंही असंच होईल असं मी म्हणत नाही. तुमची तीनच इंजेक्शनं झाली आहेत. हे औषध जितकी जास्त वर्षं चाललेलं असतं तितकी ही उसळी मोठी असते, आणि ज्यांचा मणका आधीच दबलेला आहे त्यांना धोका सगळ्यांत जास्त. तुमच्या मणक्यांचा साधा एक्स-रे कधी काढला होता का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. दबलेला मणका पुष्कळदा दुखत नाही, म्हणून विचारते. मुलाला मात्र एवढं नक्की सांगा, की उणे 2.7 ही भर अजून उसनवारीची आहे. आणि उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ठिसूळपणा धरतात, म्हणजे तुम्ही ती रेषा अजून ओलांडलेलीही नाही. उद्या खरंच थांबायची वेळ आली, तर हे औषध दुसऱ्या औषधाच्या हाती सोपवून मगच सोडायचं असतं. शेवटच्या इंजेक्शनानंतर सहाएक महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाईन देतात, नाहीतर तुमची ती आठवड्याची गोळी वर्ष-दोन वर्षं. ही औषधं हाडातच मुरून बसतात आणि सावकाश उतरतात. म्हणून गोळी पाच वर्षं घेतलेल्यांना किंवा सलाईन तीन वर्षं घेतलेल्यांना, धोका फार नसेल तर, डॉक्टर औषधाला सुट्टी देऊ शकतात. डेनोसुमॅबला तशी सुट्टी नसते. त्या व्हिडिओत ही दोन्ही औषधं एकाच माळेत ओवलेली असणार याची मला जवळजवळ खात्री आहे.

आता जबडा. वहिनींना खोटं पाडणार नाही, कारण असा त्रास खरोखर असतो. दाढ काढल्यावर जखम मिटत नाही, हिरडीतून हाड उघडं दिसतं आणि आठ आठवडे उलटले तरी झाकलं जात नाही. या गोष्टीची भीती पसरली ती मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांमुळे. हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी हेच औषध 120 मिलिग्रॅम, दर महिन्याला देतात. तुम्हाला मिळतं ते 60 मिलिग्रॅम, वर्षातून दोनदा. वर्षाचा हिशोब तुम्हीच मांडा, तुम्ही पाढे शिकवलेत: बारा पट फरक आहे. ठिसूळ हाडांच्या बायकांवरच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांच्या दातांवर मोठं काही काम झालं नाही त्यांच्यात जबड्याचा हा त्रास दहा हजारांत पाचेक जणींना झाला. दाढ काढणं किंवा तसलं काम ज्यांचं झालं, त्यांच्यात हजारात सातेक जणींना. म्हणजे तुमचा प्रश्न वायफळ नाही, दाढ काढण्याने धोका वाढतो. पण त्या हजारांतल्या उरलेल्या नऊशे नव्वदहून जास्त जणींची जखम नेहमीसारखी भरली, आणि ज्यांना त्रास झाला त्यांच्यातल्याही बहुतेकजणी उपचाराने बऱ्या झाल्या.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे तेही पाहा. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या याच औषधाच्या मोठ्या चाचणीत साठ ते नव्वद वयाच्या साडेसात हजारांहून जास्त बायका होत्या. तीन वर्षांत नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांत हजारी 72 जणींचा मणका नव्याने मोडला. औषध घेतलेल्यांत 23 जणींचा. खुब्याच्या हाडाचे आकडे लहान आहेत, हजारात 12 आणि 7, पण खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पुढचं वर्ष कसं जातं हे घरात एकदा पाहिलेल्याला पाचाचा फरक लहान वाटत नाही.

दाताच्या डॉक्टरांनी चिठ्ठी मागितली हे बरंच केलं. त्यांच्यावर रागावू नका. पण चिठ्ठीच्या येरझाऱ्यांत महिना घालवू नका, कारण जबड्याला किडक्या, पू धरलेल्या दाढेपासूनही धोका असतोच. इंजेक्शनाचा जोर शेवटच्या महिन्यात सगळ्यांत कमी असतो, म्हणून म्हटलं हे तीन आठवडे मोक्याचे. हाडांच्या डॉक्टरांना फोन करून दोघांचं बोलणं करून द्या, तेच सगळ्यांत सोपं. दाढ वाचण्यासारखी आहे का हे आधी विचारा. असली तर रूट कॅनाल केलेलं चांगलं, काढण्यापेक्षा जबड्याला त्रास कमी. काढावीच लागली तर अँटिबायोटिक आणि जंतुनाशक चुळा लागतील का ते तेच ठरवतील. हिरडी सहसा दोन-तीन आठवड्यांत मिटते. ती मिटलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली की मग इंजेक्शन. मधुमेह असेल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांना आठवणीने सांगा. आणि मिश्री लावत असाल तर निदान जखम भरेपर्यंत डबी कपाटात ठेवा. शिक्षिकेला काय विचारतेय असं वाटेल, पण माझ्या खुर्चीसमोर बसून 'नाही हो' म्हणणाऱ्या किती जणींच्या पदराला तिचा वास येतो ते मला माहीत आहे.

बाकीचे त्रास थोडक्यात. या इंजेक्शनानंतर रक्तातलं कॅल्शियम उतरू शकतं, विशेषतः ड जीवनसत्त्व आधीच कमी असेल तर. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, पायात गोळे आले, तर डॉक्टरांना कळवा. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा डायलिसिस असेल, त्यांच्यात कॅल्शियम फार धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2024 च्या जानेवारीत याबद्दल सगळ्यांत कडक इशारा दिला. कुणाला त्वचेचा संसर्ग होतो, कुणाला इसब उठतं. आणखी एक दुर्मीळ पण लक्षात ठेवण्यासारखी खूण आहे: मांडीत किंवा जांघेत खोल, बोथट दुखणं, जे आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. ही औषधं, त्यातही गोळी आणि सलाईन, वर्षानुवर्षं घेतलेल्या काही जणींचं मांडीचं हाड आधी असं कुरकुरतं आणि मग आडवं मोडतं. तसं दुखलं तर तेल लावून वाट पाहू नका, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्या.

तुमच्या गोळीची गोष्ट वाचून मी कपाळावर हात मारला, पण तुमच्यावर चिडून नाही. ती कशी घ्यायची हे तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. अ‍ॅलेंड्रोनेट (तुमची आठवड्याची गोळी बहुधा हीच) पोटात गेल्यावर शंभरातला एक भागसुद्धा अंगी लागत नाही. चहा किंवा दूध बरोबर गेलं तर तोही नाही. वर आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत रेंगाळते आणि तिथलं अस्तर भाजते. म्हणजे चार महिने तुम्ही औषधाचा त्रास पुरता भोगलात आणि फायदा जवळजवळ नाहीच मिळवला. पुढे कधी ती पुन्हा घ्यायची वेळ आली तर ठरलेल्या वारी उठल्यावर, काहीही पोटात जायच्या आत, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या. मग अर्धा तास बसा, नाहीतर उभ्या राहा, देवपूजा करा, अंगणात फिरा. चहा त्यानंतर, कॅल्शियमची गोळी त्याहून उशिरा. तरीही जळजळ झाली तर सलाईनचा मार्ग आहेच.

त्या सलाईनबद्दल अनुभवाने सांगते, कारण मी स्वतः ती घेतली आहे. पंधरा-वीस मिनिटांत संपते, दुखत नाही. मी दुपारी घरी आले, जेवले, भांडी आवरली. रात्री दहाला हुडहुडी भरली. मे महिना, बाहेर उकाडा, आणि मी पंखा बंद करून आईच्या जुन्या गोधडीत दात वाजवत बसलेली. हाडन् हाड ठणकत होतं. वीस वर्षं मी रुग्णांना 'थोडा ताप येईल' असं सांगत आले होते. त्या रात्री 'थोडा' या शब्दाची मला लाज वाटली. पहिल्या वेळी साधारण तिघींतल्या एकीला असं काहीतरी होतं, एक ते तीन दिवसांत उतरतं आणि पुढच्या वर्षी बहुधा होत नाही. मला झालं नाही. आता मी सांगते, दोन दिवस कुणाला जेवायला बोलावू नका, भरपूर पाणी प्या आणि पॅरासिटामॉल उशाशी ठेवा. सलाईनआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं असतं, मूत्रपिंड फार अशक्त असेल तर ती देत नाहीत.

गुडघ्यांचं वेगळं. सगळा गोंधळ आपल्या 'झीज' या शब्दाने केला आहे. गुडघ्यात झिजते ती दोन हाडांमधली गादी. ती दुखते, कुरकुरते, जिना चढू देत नाही. हाडांचा ठिसूळपणा मात्र मोडेपर्यंत मुका असतो. मनगट मोडलं नसतं तर तुम्हाला पत्ताही लागला नसता. इंजेक्शन दुसऱ्या दुखण्यासाठी आहे, गुडघ्यांना त्याने आराम पडायचा नाही, आणि गुडघे दुखतात म्हणून ते फुकट गेलं असंही नाही. टाच मशीनवर ठेवून मोफत हाडं तपासणारी शिबिरं भरतात ना, त्यांच्या चिठ्ठीवरूनही कुणी औषध सुरू किंवा बंद करू नये. त्यासाठी डेक्साच हवी, आणि शक्यतो दरवेळी त्याच मशीनवर.

आणि दहा वर्षांचं कॅल्शियम? वाया गेलं नाही, पण ते विटांच्या ठिकाणी आहे. अंगणात विटांचा ढीग असला तरी पाडणारे जास्त आणि गवंडी कमी असतील तर भिंत उभी राहत नाही. तुमच्या वयाला दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे असतं, एका कपभर दुधात दोनशेच्या वर, उरलेलं तेवढं गोळीतून. साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबरच घ्या, रिकाम्या पोटी ती नीट जिरत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगून कॅल्शियम सायट्रेटची घ्या, आणि ती अ‍ॅसिडिटीची गोळी रोज खरंच लागते का हेही विचारा. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, हे काही आठवड्यांपुरतं असतं. मनानेच वर्षानुवर्षं दुधातून घेणाऱ्यांचं कॅल्शियम वर चढून मळमळ, बद्धकोष्ठ, मुतखडा असं सुरू झालेलं पाहिलं आहे.

एक विचारायचं राहिलं. ते पायपुसणं अजून तिथंच आहे का? असेल तर आज काढा. मोरीच्या दाराशी खाली रबर असलेलं टाका, भिंतीला पकडायला दांडी बसवून घ्या. नळ दुरुस्त करणारा तासाभरात बसवून देतो. रात्री उठताना आधी काठावर मिनिटभर बसा, दिवा लावा, मग पाय टेका. झोपेची गोळी किंवा ब्लडप्रेशरची नवी गोळी सुरू झाल्यापासून उभं राहताना अंधारी येत असेल, मोतीबिंदू पिकत आला असेल, तर त्याकडे पाहा. हाड कितीही ठिसूळ असलं तरी मनगट आणि खुबा बहुतेक वेळा पडल्यावरच मोडतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर 24 ऑक्टोबरला लाल गोल करा. दुधाचा हिशोब मांडता त्याच चौकोनात, म्हणजे रोज नजर जाईल. इंजेक्शन घेतलं की खरी घेतलेली तारीख तिथं लिहा, कारण पुढचे सहा महिने तिथून मोजायचे. गंमत अशी की पुढचं इंजेक्शन एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर येतं. जुनं कॅलेंडर जानेवारीत रद्दीत जातं आणि त्याच्यासोबत तारीखही जाते. माझ्या परकरवाल्या बाईंची तारीखही गाव बदलताना अशीच हरवली. नवं कॅलेंडर खिळ्याला अडकवलंत की आधी एप्रिलचं पान उघडा.